‘जड काम नको’ म्हणजे नेमके काय? हृदयविकारानंतरचे नैराश्य आणि मंद्रूपच्या शिवारातले काम

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला घरी सोडताना जो कागद मिळतो, त्यावर गोळ्यांची नावे असतात, मात्रा असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. कामाबद्दल मात्र एकच सूचना असते, आणि तीही बहुधा तोंडी : जड काम करू नका, आराम करा. किती दिवस, कोणते काम आणि त्यानंतर काय, याचा पत्ता नसतो. टेबलाशी बसून काम करणाऱ्याचे या सूचनेमुळे फारसे अडत नाही. तो महिना-दीड महिन्याने आपला परत जातो. पण दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मंद्रूपमध्ये, सोलापूर–विजयपूर रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या काळ्या रानात, हलके म्हणावे असे काम फार थोडे. तिथे हीच सूचना एखाद्या बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाला कामातून घालवते. तो घरी बसतो आणि बसून खचतो. खचला की औषधे चुकतात, चालणे सुटते. मग पुन्हा छातीत दुखू लागले की सगळे म्हणतात, बघा, आराम करायला सांगितले होते.

नैराश्य आणि कामावर परतणे हे दोन वेगवेगळे प्रश्न मानण्याची आपल्याकडे सवय आहे. पहिला मनोविकारतज्ज्ञाचा, दुसरा नशिबाचा. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे, आणि तो सोडवायचा तर कामाचे मोजमाप गोळ्यांच्या मात्रेइतक्याच काटेकोरपणे लिहून द्यावे लागेल.

आरामाचा सल्ला आला कुठून

या सल्ल्यामागे जुने वैद्यक आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊनही रुग्ण जगू शकतो, हे मांडले आणि उपचार म्हणून सक्त विश्रांती सांगितली. पुढची चाळीस वर्षे रुग्णाला चार-सहा आठवडे अंथरुणावरून हलू न देण्याची प्रथा होती. हृदयाच्या स्नायूवरची जखम भरायला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणून तितके दिवस पडून राहायचे, असा तो हिशेब. पडून राहिल्याने पायांत गुठळ्या होत, स्नायू झिजत, आणि माणूस मनाने आधीच संपून जाई. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लोन यांनी रुग्णांना आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली (निष्कर्ष १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले), तेव्हा त्यांना सहकाऱ्यांचा मोठा विरोध झाला. बसवल्याने रुग्णांचे नुकसान तर झाले नाहीच, उलट त्यांची उमेद टिकली.

समाजाची धारणा मात्र एका प्रसिद्ध रुग्णाने बदलली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये झटका आला. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी दुखणे लपवले नाही आणि रुग्णाला निवृत्तही केले नाही. टप्प्याटप्प्याने काम वाढवत नेले. पुढच्या वर्षी आयझेनहॉवर दुसऱ्यांदा निवडून आले. त्याच सुमारास क्लीव्हलँडमध्ये हर्मन हेलरस्टाइन हे कारखान्यातल्या मजुरांचे हृदय आणि त्यांचे यंत्रावरचे काम, दोन्ही शेजारी ठेवून मोजत होते. बहुतेक मजूर परत जाऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

मराठी वाचकाला आठवते ते उदाहरण गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांचे. ऐन चाळिशीत झटका आलेल्या या डॉक्टरने ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिले आणि हजारो घरांत हृदयविकाराबद्दल मोकळेपणी बोलणे सुरू झाले. नवजात बालकांचे मृत्यू कमी करण्याचा त्यांचा प्रयोग तेव्हा गावोगावी चालू होता. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, म्हणजे कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम झटक्यानंतर पुरे झाले. हे उदाहरण धीर देणारे आहे. पण एक फरक विसरता येत नाही. आपल्या कामाचे तास, वेग आणि विसावा ठरवण्याची मुभा बंगांना बरीचशी होती. मंद्रूपच्या सालगड्याला ती नसते, आणि पुढचे सगळे विवेचन या एका फरकाभोवती फिरते.

खचणे किती आणि का

झटका येऊन गेलेल्या दर पाच जणांपैकी जवळपास एकाला उपचार लागावेत इतके नैराश्य येते. त्याहून सौम्य, पण रोजचे जगणे बेचव करणारी उदासी आणखी पुष्कळांना गाठते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक, आणि तरुण वयात झटका आलेल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक. ‘एवढे मोठे दुखणे झाले, मग वाईट वाटणारच’ असे म्हणून ते सोडून देता येत नाही. माँट्रियलच्या नॅन्सी फ्रॅशर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाची स्थिती वगैरे बाकीच्या गोष्टी हिशेबात धरूनही, नैराश्य असलेल्यांना सहा महिन्यांत मृत्यूचा धोका चौपटीहून अधिक निघाला. पुढे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर हा आकडा दुपटीच्या आसपास स्थिरावला. दुप्पट हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये अशा रुग्णांची नैराश्यासाठी चाचणी करण्याचा सल्ला दिला, आणि त्यांच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये नैराश्याला धोक्याच्या घटकांत बसवण्याची शिफारस केली.

यामागची कारणे दोन वाटांनी येतात. एक वाट शरीराची : नैराश्यात रक्तातल्या बिंबिका अधिक चिकट होतात, दाह वाढतो, हृदयाच्या ठोक्यांतले निरोगी चढउतार कमी होतात. दुसरी वाट वागण्याची, आणि गावात तीच जास्त दिसते. ‘रिंग’ टाकलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मधेच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा झटका येऊ शकतो. खचलेला माणूस नेमक्या याच गोळ्या सोडतो. तंबाखू पुन्हा सुरू होते. सोलापूरला तपासणीला जायची तारीख निघून जाते.

आता निदानातली अडचण. थकवा, झोप न लागणे, भूक मंदावणे ही लक्षणे नैराश्याची आहेत, तशीच दुबळ्या हृदयाची, रक्तक्षयाची आणि थायरॉइडच्या कमतरतेचीही आहेत. त्यामुळे डॉक्टर मनाकडे बघत नाहीत आणि घरचे शरीराकडेच बघत राहतात. ‘गोळ्यांनी असं होतंय’ असेही सर्रास म्हटले जाते. बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्यांवर हा आरोप कित्येक वर्षे होता. २००२ मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा या गोळ्यांनी थकवा थोडा वाढतो, नैराश्य मात्र लक्षणीय वाढत नाही, असे दिसले. म्हणून उदास वाटते या कारणासाठी त्या परस्पर बंद करणे धोक्याचे.

निवाडा करायला दोन प्रश्न बऱ्यापैकी पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला आहे का? उदास, हताश वाटते का? आमच्याकडे कोणी ‘मला नैराश्य आले’ असे सांगत नाही. माणूस म्हणतो, ‘जीव रमंना झालाय’, ‘हातपाय गळाल्यागत झालंय’, ‘आता आपण कुणाच्या कामाचं राहिलो न्हाई’. यातले शेवटचे वाक्य सर्वांत गांभीर्याने घ्यावे. नुसता थकवा असलेला माणूस दमलो म्हणतो, स्वतःला बिनकामाचा ठरवत नाही. पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकालाही होकार आला तर नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली आहेच. मरणाचे विचार येतात का, हे तिच्यातच विचारलेले असते आणि तो प्रश्न टाळू नये. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे.

काम मोजायचे कसे

शरीर स्वस्थ बसले असताना जेवढा प्राणवायू वापरते त्याला एक ‘मेट’ म्हणतात. किलोमागे मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटर. बसून हातकाम करायला दीड मेट लागतो, ताशी पाच किलोमीटर वेगाने सपाटीवर चालायला सव्वातीन-साडेतीन, खुरपणीला साडेतीन ते पाच, कुदळ-फावड्याला पाच ते आठ. ट्रेडमिलच्या तपासणीत माणसाची कमाल कुवत कळते. नियम असा की आठ तासांच्या कामाची सरासरी या कमाल कुवतीच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपलीकडे जाऊ नये. म्हणजे तपासणीत ७ मेटपर्यंत विनातक्रार गेलेला माणूस दिवसभर २.८ ते ३.५ मेटचे काम करू शकतो. तो बांधावरून फिरेल, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलेल, जनावरांना वैरण टाकेल, मधे मधे विसावा घेऊन खुरपेल. दिवसभर खणती मात्र त्याच्यासाठी नाही. इतके नेमके उत्तर हाताशी असताना ‘जड काम नको’ एवढ्यावर भागवणे हे मला वैद्यकीय दृष्ट्या अपुरे वाटते.

ट्रेडमिल नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात तीस मीटरच्या खुणा करून सहा मिनिटांत किती चालणे होते ते मोजता येते. शेतात त्याहून सोपी कसोटी चालते : काम करताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे.

पण मेटचा आकडाही सगळे सांगत नाही. रब्बी ज्वारीची काढणी घ्या. फेब्रुवारीत रान सुकून भेगाळलेले असते. माणूस कमरेत वाकतो, दोन्ही मुठींत ताटे धरतो, दातांवर दात दाबून, श्वास रोखून हिसका देतो. मुळे निघाली की माती झटकून मागे टाकायची आणि पुढच्या ताटांना हात घालायचा. दिवसभर हेच. सरासरी मेट काढले तर आकडा भयंकर येणार नाही. पण श्वास रोखून दिलेल्या प्रत्येक हिसक्यासरशी रक्तदाब क्षणात उसळतो, आणि जखमी हृदयाला घातक ठरते ती ही उसळी. त्याच शेतात पेंढ्या बांधणे आणि बसून कणसे मोडणे हीही कामे असतात. त्या माणसाला काढणीतून काढून कणसांकडे बसवले तर तो कामावर असतो, चारचौघांत असतो, मजुरीही मिळते. कणसे मोडणे बायकांचे काम मानले जाते, ही अडचण खरी आहे. ती डॉक्टरने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी मिळून, उघडपणे बोलून मोडायची आहे.

उन्हाचा मुद्दा वेगळा. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या बराच वर जातो. त्वचेकडे रक्त वळवून शरीर थंड ठेवायचे तर हृदयाला जादा राबावे लागते. बीटा-ब्लॉकर ठोके वाढू देत नाही, लघवीच्या गोळ्या पाणी काढून टाकतात. म्हणून जानेवारीत झेपलेले काम मेमध्ये झेपेलच असे नाही. उन्हाळ्यात पहाटे निघून दहाच्या आत घरी, हे चिठ्ठीवर लिहूनच द्यावे.

ढोबळ वेळापत्रक असे : हृदयाची ताकद शाबूत असेल आणि गुंतागुंत झाली नसेल तर हलके काम दोन ते चार आठवड्यांत, मध्यम काम सहा आठवड्यांनंतर तपासून. बायपास झाली असेल तर छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे दोन महिन्यांच्या आसपास, वजन उचलणे आणि ओढणे वर्ज्य, आणि कष्टाचे काम तीन महिन्यांनी. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कोणी विचारत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. दोन जिने न थांबता, न दुखता चढता आले तर बहुतेकांना भीती बाळगण्याचे कारण नाही. ही एक भीती गेली तरी अर्धी उदासी ओसरलेली मी पाहिली आहे.

कुवत असूनही परतता येत नाही तेव्हा

२०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. या योजनेने अँजिओप्लास्टी आणि बायपास गरिबाच्या आवाक्यात आणली, जमीन गहाण टाकण्याची पाळी टाळली. हे उपकार मोठे आहेत. मात्र योजनेचा सारा भर प्रक्रियेवर आहे. माणूस पुन्हा रानात कधी आणि कसा उभा राहणार, याची जबाबदारी कोणावर पडत नाही.

कारखान्यातल्या कामगाराला थोडा आधार आहे. १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विम्यात आजारपणाचे ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळते. दीर्घ आजारांच्या यादीतला विकार असेल तर ८० टक्के दराने मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. त्या यादीत हृदयाची ताकद घटवणारा झटका आहे आणि तीव्र नैराश्याचा एक प्रकारही आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या वसाहतीत यंत्रमाग चालवणाऱ्या, विमा कापला जाणाऱ्या माणसाने हे आवर्जून विचारावे. मंद्रूपच्या शेतमजुराला यातले काहीच लागू नाही.

सालगड्याचा करार गुढीपाडव्याला होतो. झटका दिवाळीनंतर आला तर मालक पाडव्यापर्यंत थांबतो, क्वचित औषधालाही देतो, पण नवे साल धरायच्या वेळी ‘आता तुझ्यानं व्हायचं न्हाई’ म्हणतो. मालक दुष्ट असतो असे नव्हे. त्याच्या हाती चिठ्ठी असते ‘जड काम नको’ची, आणि उद्या माझ्या रानात काही झाले तर, ही त्याची भीती असते. ‘हा माणूस अमुक कामे करू शकतो, अमुक करू नयेत’ असे लिहिलेला, सही-शिक्क्याचा कागद असता तर त्याला निम्मे साल तरी धरता आले असते.

ऊसतोडीत गोष्ट याहून कठीण. तिथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल जोडीच्या नावावर घेतलेली. नवऱ्याचे हृदय दुखावले की बायकोचेही काम जाते, उचल मात्र फिटत नाही. काही जण म्हणूनच कुवत नसताना फडात जातात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवणे हे अशक्त हृदयासाठी जवळपास सर्वांत वाईट काम. भंडारकवठ्यापासून कुमठ्यापर्यंत साखर कारखाने या भागात आहेत. हंगामाआधी तोड कामगारांची तपासणी करणे आणि आजारी जोडीची उचल पुढच्या हंगामात वळती करणे त्यांच्या हातातले आहे.

परतणे म्हणजे टिकणे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. डेन्मार्कमधल्या बावीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक कामावर परतले, पण परतलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा पुढच्या एका वर्षात कामाबाहेर पडला. बाहेर पडणाऱ्यांत नैराश्य, कमी शिक्षण आणि कमी उत्पन्न असलेले जास्त होते. डेन्मार्कसारख्या आधार देणाऱ्या देशात हे घडते. तेव्हा आपल्याकडे सहाव्या आठवड्यानंतर माणसाची चौकशी थांबवून चालणार नाही.

उपचार : काय जमते, काय जमत नाही

नैराश्यावरच्या उपचाराने आयुष्य वाढते का, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही आणि ते फुगवून सांगू नये. २००२ च्या, ३६९ रुग्णांच्या एका चाचणीत सर्ट्रालीन हे औषध झटक्यानंतर सुरक्षित ठरले. २००३ मध्ये २,४८१ रुग्णांच्या चाचणीत समुपदेशनाने मनाची स्थिती सुधारली, मृत्यू आणि दुसरे झटके मात्र कमी झाले नाहीत. २०१८ मध्ये कोरियातून ३०० रुग्णांची चाचणी आली. एस्सिटालोप्रॅम घेतलेल्या गटात पुढच्या आठेक वर्षांत हृदयाच्या मोठ्या घटना कमी झाल्या होत्या. मला वाटते, उपचाराचे समर्थन मृत्यूच्या आकड्यांवर टांगायची गरजच नाही. माणसाला पुन्हा सकाळी उठून रानाकडे जावेसे वाटणे हे पुरेसे कारण आहे.

सावधगिरी दोन बाबतींत हवी. झोपेसाठी सहज लिहून दिली जाणारी अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे झटक्यानंतर टाळावीत, कारण ती ठोक्यांची लय बिघडवू शकतात. आणि सर्ट्रालीनच्या गटातली औषधे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेताना रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावे.

भारतातला सर्वांत उपयोगी पुरावा मला योग-केअर या चाचणीत दिसतो. चोवीस केंद्रांतले ३,९५९ रुग्ण, योगावर आधारलेले पुनर्वसन, २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध. मृत्यू आणि झटक्यांत ठाम फरक पडला नाही, पण रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटू लागली आणि झटक्यापूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले. यंत्र नाही, वातानुकूलित खोली नाही. प्रशिक्षित माणूस आणि सतरंजी एवढ्यावर हे मंद्रूपच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. आठवड्यातल्या बाजाराच्या दिवशी ठेवले तर लोक येतीलही. मनोविकारतज्ज्ञासाठी दर वेळी सोलापूरला जाणे जमत नसेल तर २०२२ पासून सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

बाईचा प्रश्न उलटा आहे. तिला आराम मिळतच नाही. रुग्णालयातून आल्यावर आठवड्याच्या आत ती चुलीपुढे बसलेली असते, धुरात, परातीत भाकरी थापत. घागर भरून आणणे कोणी कामात मोजत नाही, म्हणून ते चिठ्ठीतही येत नाही. ती गप्प झाली, रडू लागली तर घरात त्याला कटकट म्हणतात. तिच्या चिठ्ठीवर नावे घालूनच लिहिले पाहिजे : सहा आठवडे पाणी आणायचे नाही, वाकून फरशी पुसायची नाही, भाकरी करायला हरकत नाही पण धुरात नाही. आणि ती चिठ्ठी सासू-नवऱ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवली पाहिजे.

उरतो तो माणूस, ज्याच्या हृदयाची ताकद खरोखरच तीस टक्क्यांवर आली आहे. नैराश्याचा उपचार करून त्याला कुदळीकडे परत ढकलणे हा अपराध होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत हृदयविकार नाही, त्यामुळे प्रमाणपत्राचा आधारही त्याला मिळत नाही. त्याच्यासाठी गावातच काम शोधावे लागते : दूध संकलन केंद्रावर नोंदी ठेवणे, पानटपरी, शेळ्या, द्राक्षबागेत पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब. हा शोध कुटुंबाने त्याला बाजूला सारून घेऊ नये. जमीन वाट्याने द्यायची की मुलाच्या हाती सोपवायची, हे ठरवताना तो बैठकीत हवा, आणि वाटेकऱ्याशी बोलणी त्यानेच करावीत. त्याला रानातले सगळे कळते, फक्त हिसका देणारा हात आता दुसऱ्याचा असतो.